माणिकबाईंच्या पुरणपोळ्यांची क्लिप

१

क्लिप लहानशीच होती, पण अमरावतीच्या गणोरकरांची अब्रू धुळीला मिळवायला ती पुरून उरली.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं. माणिकबाई गणोरकर सोवळ्याच्या रेशमी साडीत एका खोक्यातून एकेक पुरणपोळी काढतात आणि पितळी परातीत रचतात. खोक्यावर मिठाईच्या दुकानाचं नाव ठळक दिसतं. रिकामी खोकी ओट्याखाली सरकवून बाई डब्यातलं पीठ चिमटीत घेतात, ते हातांना लावतात, पदराला लावतात आणि थोडं कपाळालाही लावतात. मग थकल्याभागल्या चेहऱ्यानं दार उघडून बाहेर पंगतीकडे जातात.

समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ती क्लिप आली आणि नांदगाव पेठेपासून पातूरपर्यंत लोक पोट धरून हसले. हसणारच. लग्न होऊन आल्यापासून या बाई सांगत आल्या होत्या की महालक्ष्म्यांचा स्वयंपाक मी एकटी करतो, सोवळ्यात करतो, दुसऱ्या कोणाच्या पुरणाले चवच नसते. मुळात क्लिप कोणी सोडली ते कळेना. जो तो म्हणे, मला दुसऱ्यानं पाठवली.

माणिकबाईंना मात्र शोध लावायला वेळ लागला नाही. घरात परकी एकच, ती म्हणजे सून. मंजुषाच्या मोबाइलवर घरातल्या कॅमेऱ्यांचं अ‍ॅप होतं, म्हणजे गुन्हा शाबीत. बाईंनी समाजाच्या गटावर तिचं नाव जाहीर केलं आणि अकोल्याला तिच्या माहेरी निरोप गेला: तुमची पोरगी घेऊन जा, आमच्या घरात तिची जागा नाही.

मंजुषाचे वडील इतके भिडस्त, की ते हात जोडत आले असते आणि पोरीला घेऊन मान खाली घालून परत गेले असते. म्हणून त्यांची बहीण सीमा आली. अकोल्याच्या एका तंत्रनिकेतनात तिनं जन्मभर संगणकांची जोडणी शिकवली होती. मूर्खांचा तिला पहिल्यापासून कंटाळा होता, आणि नोकरीनं त्यांचा भरपूर पुरवठा केला होता.

"पोरीले नेतो," ती उंबऱ्यातच म्हणाली. "पण चोर ठरवून नाही. आधी चोर पाहू, मंग नेऊ."

२

दिवाणखान्यात खटला भरला होता. सोफ्यावर माणिकबाई, डोक्याला रुमाल बांधून. खुर्चीत त्यांचे यजमान उत्तमराव, फुलांचे ठोक व्यापारी, जे घरात तोंड फक्त जेवायला उघडत. मुलगा मनोज भिंतीला टेकून मोबाइल पाहत होता. आपल्या बायकोचं काय व्हायचं ते त्याच्या आईनं ठरवावं, याची त्याला सवय झाली असावी. मंजुषा दारात उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"स्वयंपाकघरात कॅमेरा कायले लावला?" सीमानं विचारलं.

माणिकबाई जरा अडखळल्या. "चोऱ्या लय वाढल्या ना, सीमाताई."

"ओट्यावरून काय चोरून राहिले? भरताचे वांगे?"

शेवटी मंजुषाच म्हणाली, "माह्यावर लक्ष ठेवाले लावला, आत्या. मी तूप किती घेतो अन् फोनवर किती बोलतो, ते पाहाले."

सीमानं माणिकबाईंकडे नीट पाहिलं. सुनेसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात सासू सापडली होती, आणि अजूनही या बाईला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"अन् त्या दिवशी कॅमेरा आपल्याले पाहून राहिला, हे ध्यानात नाही आलं तुमच्या?"

"बंद होता थो!" माणिकबाई उसळल्या. "महालक्ष्म्या बसते तो कोपरा आमी दर साली रिकामा करतो. टीव्ही, इंटरनेटचा डबा, कॅमेऱ्याचा डबा, सगळे वायर काढून बाजूच्या खोलीत नेऊन टाकतो. वायरच काढले तं कॅमेरा चालन कसा? या पोरीनंच मुद्दाम चालू केला."

"म्या नाही केला," मंजुषा म्हणाली.

"मंग का भुतानं केला?"

"मी केला," खुर्चीतून आवाज आला.

सगळ्यांनी उत्तमरावांकडे पाहिलं.

३

उत्तमराव बोलले हीच मोठी घटना होती. माणिकबाईंनी तर डोक्याचा रुमालच सोडला.

"चपलाइसाठी," उत्तमराव खाली पाहत म्हणाले. "मांगच्या साली पंगतीतून माही नवी कोल्हापुरी गेली. म्हटलं, अंदा दारावरचा कॅमेरा चालू पाहिजे. म्हणून बाजूच्या खोलीत नेल्याबरोबर राउटर लावला अन् कॅमेऱ्याचा डबा लावला. मंग टीव्ही लावला."

"अन् आणखी काय होतं तिथं?" सीमानं विचारलं.

"मनोजचा एक डबा आहे. भजनाचा. थो आरतीनंतर लावला. त्याची काय घाई होती?"

"आणि हे सगळं आता कुठं आहे?"

"तिथंच. मनोजले म्हटलं पुन्यांदा जागेवर लाव, पण त्याले टाइम नाही."

मनोजनं मोबाइलमधून मान वर केली नाही. दारावरच्या कॅमेऱ्याला वीज मिळाली म्हणजे स्वयंपाकघरातल्यालाही मिळाली, हे उत्तमरावांच्या लक्षात आलं नव्हतं. चपलांपुढे बायकोची अब्रू त्यांना सुचली नव्हती.

सीमा मंजुषाला घेऊन गच्चीवर गेली. तिथं तिनं क्लिप पुन्हा पाहिली, मग थांबवून पाहिली.

"तुह्याजवळ कॉम्प्युटर आहे?"

"नाही. मोबाइलच आहे फक्त."

"मंग हे काय?"

चित्राच्या मधोमध एक छोटा पांढरा बाण होता. माणिकबाई कपाळाला पीठ लावतात तेव्हा तो हळूच त्यांच्या कपाळाशी सरकतो. माउसचा बाण. म्हणजे हे चित्र कोणीतरी कॉम्प्युटरवर लावून उतरवून घेतलं होतं. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये असा बाण येत नाही.

"हे तुमी त्याइले सांगा ना," मंजुषा म्हणाली. "माह्यं कोणी ऐकूनच नाही राहिलं. मनोजनंही नाही ऐकलं, आत्या. मी त्याले म्हटलं, तू तं समजतं ना यातलं. तं म्हणे, मी आईच्या मधात नाही पडत."

सीमाला राग आला, आणि तो तिनं जपून ठेवला. या घरात कॉम्प्युटर चालवणारा एकच होता, आणि तो भिंतीला टेकून उभा होता.

४

मनोज नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात संगणक विभागात होता. तिथं तो नक्की काय करत असे हे घरात कोणाला माहीत नव्हतं, म्हणून सगळे त्याला हुशार समजत. भजनाच्या डब्याबद्दल विचारताच त्याची कळी खुलली.

"बडनेऱ्याले किसनकाका आहेत ना, बाबांचे भाऊ, त्याइचं भजनी मंडळ आहे. त्याइची रेकॉर्डिंग मी घरूनच होस्ट करतो. सोप्पं नाही थे. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात त्याले. तुमाले समजाले थोडं अवघड जाईन, आत्या."

सीमा म्हणाली, "जाऊ दे अवघड. सांग."

आपण कोणाला शिकवतो आहोत हे लक्षात न घेता त्यानं शिकवायला घेतलं. इंटरनेटच्या कंपनीकडून पक्का पत्ता घेतलेला आहे. मंडळातल्या माणसानं लिंक दाबली की हाक राउटरवर येते. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो. बाहेरच्या माणसाला तो आत सोडत नाही, पण मनोजनं त्याला एक नियम दिलेला आहे: या दारावर कोणी आलं तर पाच नंबरच्या यंत्राकडे पाठव. पाच नंबर म्हणजे भजनाचा डबा.

"आणि डब्याचा नंबर पाचच राहीन, अशी काही सोय केली होती का?"

"काहून बदलन? पहिल्यापासून पाच आहे."

सीमानं डोळे मिटले. हा धडा ती पहिल्या सत्रात शिकवायची, आणि मागच्या बाकावरचे सगळे मनोज तेव्हाही असेच मान डोलवायचे.

"सध्या लिंक चालते?"

"नाही. महालक्ष्म्या झाल्यापासून बंद आहे. कंपनीचा घोळ."

"नियम?"

"नियम तसाच आहे. लावला तेव्हापासून हात नाही लावला."

"दाखव."

"आता? कायले उगाच..."

"दाखव ना रे तिले," उत्तमराव म्हणाले. आज ते दुसऱ्यांदा बोलले होते, त्यामुळे मनोजचा नाइलाज झाला. त्यानं लॅपटॉप आणला आणि राउटरचं पान उघडलं. त्याचा पासवर्ड घरात त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हता. हेही त्यानं अभिमानानं सांगितलं.

नियमांचं पान उघडलं. त्यावर एकही नियम नव्हता.

५

"अपडेट आलं असन," मनोज म्हणाला. "उडाला असन."

लॅपटॉप हाताशी होताच, तर राउटरनं कोणाला कोणता नंबर दिलाय तेवढं सीमानं पाहून घेतलं. मग ती चपला घालून मागच्या गल्लीत गेली. तिथं भजनी मंडळाचे मृदंगवाले नत्थुजी राहत. बोलायला कोणी मिळालं की ते खूश असत.

"भजन बंद म्हणजे कसं बंद? काय दिसत होतं?"

"आधी नाव अन् पासवर्ड मांगे, बाई. भजनाले कायचा आला पासवर्ड? मी तं फोटो काढून मनोजले धाडला."

त्यांनी मोबाइल काढून दाखवला. फोटोत नाव आणि पासवर्ड लिहायच्या दोन चौकटी होत्या, आणि वर कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात. गणोरकरांच्या बाजूच्या खोलीतल्या डब्यावर हेच नाव छापलेलं होतं. खाली मनोजचं उत्तर होतं: काका, रिफ्रेश करा.

"अन् आता?"

"आता काहीच येत नाही. थे माणिकबाईंचं पिच्चर निंघालं ना, तवापासून तं पासवर्डही नाही मांगत. पाटी कोरी."

"मंडळातले सगळेच तक्रार करत होते?"

"सगळेच बोंबलून राहिले होते. एक किसनराव सोडून." नत्थुजी थांबले. त्यांनाही हे आत्ताच जाणवलं असावं. "नाही तं रोज इचारे, माह्यं भजन ऐकलं का, कसं वाटलं. महालक्ष्म्यापासून इचारतच नाही माणूस."

सीमानं तिथूनच बडनेऱ्याला फोन लावला.

"किसनराव, मी मंजुषाची आत्या. मले तुमची भजनं ऐकायची होती. लिंक चालू आहे ना?"

"चालू आहे ना!" पलीकडून गोड आवाज आला. "काल रात्रीच कॉम्प्युटरवर ऐकली मी. एकदम साफ."

"वा," सीमा म्हणाली. "मंग आज दुपारी भावाकडे याच. वहिनींनाही आणा."

६

किसनराव रेल्वेतून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ. त्यांची बायको शालू आल्याबरोबर मोठ्या जावेच्या कपाळाकडे पाहून हसली आणि मग हसू पदरात लपवलं. चहा कोणी विचारला नाही.

"माणिकबाई," सीमानं सुरुवात केली, "तुमची सून चोर नाही. तिच्याजवळ कॉम्प्युटर नाही, अन् क्लिप कॉम्प्युटरवरची आहे. क्लिपमध्ये माउसचा बाण फिरते, पाहा."

"मंग कोण?"

"सांगतो. कोपरा रिकामा करताना सगळे वायर निघाले. राउटर पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्यानं सगळ्याइले नवे नंबर वाटले. उत्तमरावांनी कॅमेऱ्याचा डबा आधी लावला, कारण चपला. त्याले पाच नंबर भेटला. भजनाचा डबा शेवटी लागला, त्याले सात. अजूनही तेच आहेत, मी आत्ता पाहिले. पण नियम जुनाच होता, पाच नंबरकडे पाठव म्हणून. तेव्हापासून भजनाची लिंक दाबली की तुमच्या घराचे कॅमेरे उघडत होते. मंडळातल्या प्रत्येकाले."

माणिकबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यासाठी आज पीठ लागलं नाही.

"पासवर्ड मागे तो डबा," किसनराव म्हणाले. म्हणाले आणि चपापले.

"मागे ना. तुमाले कसं माहीत? तुमची तं भजनं साफ ऐकू येत होती."

शालूनं नवऱ्याकडे पाहिलं. सीमा बोलतच राहिली.

"नत्थुजीसारखे लोक त्या पासवर्डापाशी अडले. तुम्ही नाही अडले. वायफायचा पासवर्ड मनोजनं पंगतीत सगळ्याइले ओरडून सांगितला होता, हो ना मंजुषा?"

"हाव," मंजुषा सासूकडे पाहत म्हणाली. "आत्याबाईंच्या नावापुढे एक दोन तीन."

"आणि कॅमेऱ्यालाही तोच, मंजुषाच्या अ‍ॅपले तोच लागते. संगणकवाल्या माणसाचं घर आहे हे. बंद पडलेली लिंक तुम्ही चालू सांगितली, किसनराव, म्हणजे तिच्याकडे कोणी पाहू नये. रोज तिची चौकशी करणारे मंडळात तुम्ही एकटे, अन् गप्प बसलेलेही तुम्ही एकटे."

किसनरावांनी माळ चाचपली. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "मी माह्यं भजन पाहाले गेलो होतो! त्या दिवशी इथं बसून म्हटलं, थे कॅमेऱ्यात कसं आलं म्हणून पाहून राहिलो होतो. मधात स्वयंपाकघर लागलं. अन् खोटं काय दाखवलं मी? त्याच पंगतीत वहिनी शालूले म्हणे, तुह्या पुरणाले वशाट वास येते. पन्नास बायाइच्या देखत! रडत आली माही बायको घरी. अन् सोताच्या पोळ्या दुकानातल्या!"

"मंग माह्या नावावर काहून जाऊ दिलं, काका?" मंजुषानं विचारलं. "मी काय केलं होतं तुमचं?"

किसनराव खिडकीबाहेर पाहू लागले. शालूचं हसू गेलं होतं. वहिनीची फजिती पाहताना त्या दोघांना सून आठवलीच नव्हती.

"झालं तं मंग," माणिकबाई सावरत म्हणाल्या. घरातला चोर घरातलाच निघाल्यामुळे त्यांना आता प्रकरण मिटवायची घाई झाली होती. "भाऊजींशी मी बोलीन काय बोलाचं थे. मंजुषा, जा माय, चहा टाक सगळ्याइले."

"थांब," सीमा म्हणाली. "अजून एक राहिला."

७

"नियम आपोआप उडत नाही. क्लिप गटावर आली त्याच दिवशी लिंक पूर्ण बंद झाली, नत्थुजी साक्षीला आहेत. म्हणजे कोणीतरी त्या दिवशी राउटर उघडून नियम पुसला. राउटरचा पासवर्ड या घरात एकाच माणसाले माहीत आहे. त्यानंच मघाशी सांगितलं, छाती फुगवून."

मनोजच्या हातातला मोबाइल पहिल्यांदाच खाली आला.

"नत्थुजींचा फोटो तुले आला होता, त्यावर कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव होतं. तू तो नीट पाहिला नाही, कारण म्हाताऱ्याचा होता. क्लिप आली तेव्हा तुह्या डोक्यात उजेड पडला. दार तूच उघडं ठेवलं होतं. ते गुपचूप लावून घेतलं. तोवर तुह्या आईनं बायकोले चोर ठरवलं होतं. तू काय केलं, मनोज?"

"मी सांगणारच होतो," मनोज पुटपुटला. "योग्य वेळ पाहून राहिलो होतो. ऑफिसमधले लोक आहेत गटावर. त्याइले समजलं असतं का माह्याच राउटरमुळे..."

मूर्खपणा सीमाला नवा नव्हता. तिनं वर्ग भरभरून मूर्ख पाहिले होते, चिडली होती, आणि बहुतेकांना पासही केलं होतं. पण हा मुलगा आपली चूक पुरती ओळखून होता, आणि तिची किंमत बायकोला भरायला लावून भिंतीला टेकून उभा होता. तिला त्याची किळस आली.

मंजुषा आत गेली. चहाची वाट पाहत सगळे बसले होते. ती बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्याला पर्स होती आणि पायात चपला.

"आता कायले जातं?" माणिकबाई गोंधळल्या. "आता तं तुह्यावर आळ नाही."

"तुमी हाकललं तवा मी जाणार नव्हतो, आत्याबाई. पाय रोवून बसणार होतो." मग ती मनोजकडे वळली. "ज्या गटावर माह्यं नाव घेतलं, त्याच गटावर लिही. दार माह्यं उघडं होतं, मले माहीत होतं अन् मी बायकोले बोल खाऊ दिले. तुह्या नावानं लिही. मंग पाहू."

"असं कसं लिहिता येते? लोक काय म्हणतीन?"

मंजुषानं उंबरा ओलांडला.

बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीला अजून अवकाश होता. सीमानं भेळ घेतली. मंजुषा मोबाइल मांडीवर पालथा ठेवून बसली होती, आणि दर थोड्या वेळानं तो उलटून पाहत होती. तिला अजून आशा होती, हे सीमाला दिसत होतं आणि आवडत नव्हतं. पण या वेळी तिनं भेळेचा कागद फक्त पोरीपुढे सरकवला.

गाडी दिसायला लागली तेव्हा मोबाइल वाजला. समाजाच्या गटावर मनोजचा संदेश होता. मंजुषानं तो मोठ्यानं वाचला.

"सर्व समाजबांधवांना कळविण्यात येते की, सदर चित्रफीत ही तांत्रिक बिघाडामुळे प्रसारित झाली असून त्यास घरातील कोणीही व्यक्ती जबाबदार नाही. तरी कृपया गैरसमज नसावा."

खाली हात जोडल्याची तीन चित्रं होती.

तिनं ते मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचलं. मग गट सोडला, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि डब्यात चढली.

"आत्या," ती आतून म्हणाली, "खिडकीजवळ मी बसतो."